पथकाचा खर्च आणि जोडधंदा

१४ एप्रिल जवळ आला की गावोगावी पावती पुस्तके बाहेर निघतात. मिरवणुकीच्या पुढे आपल्या मुलामुलींचे बँड पथक किंवा लेझीम पथक एका तालात चालावे, ही सर्वांचीच इच्छा असते. वर्गणी जमते, गणवेश शिवले जातात, ड्रमला नवी पाने बसतात. मे महिन्यानंतर वाद्ये माळ्यावर जातात. पुढच्या मार्चमध्ये खाली काढावीत, तर पाने उंदरांनी कुरतडलेली आणि शिकलेली मुले पुण्याला गेलेली! पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणून सरावही वर्षातून एकदाच होतो. पथकाला बारमाही उत्पन्न कसे मिळेल, एवढाच प्रश्न आम्ही येथे अभ्यासासाठी घेतला आहे.

पहिला उपाय सर्वांना सुचतो, तो लग्नाच्या सुपाऱ्यांचा. त्यावर वडीलधारी मंडळी विचारतात, "पुन्हा वाजंत्रीच व्हायचे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. गावकीत वाजवणे हे दलित जातींवर लादलेले काम होते. त्यात कलेची कदर नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. ज्यांनी हे भोगले, त्यांच्या मनातील अढी समजण्यासारखी आहे. तरीही मोबदला ठरवून, मानाने केलेले वादन हलके आहे, असे आम्ही मानत नाही. आमची हरकत वेगळी आहे. लग्नसराई आणि परीक्षा एकाच वेळी येतात, रात्री जागून वाजवावे लागते, आणि सुपारी देणाऱ्याला पट्टीची मुलेच हवी असतात. नवशिकी, लहान मुले आपोआप मागे पडतात. ज्यांच्यासाठी पथक काढले तीच बाहेर राहतात.

म्हणून कमाई वाजवण्यातून नव्हे, शेजारच्या कामातून यावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' ही वाट घालून दिली. विद्यार्थी शेतात राबले, त्यातून वसतिगृहे आणि शिक्षण चालले. शिक्षण स्वतः विकावे लागले नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे फार बोलके आहे. अमेरिकेत तरुणांची मोठी संचलन वाद्यपथके आहेत. कॅलिफोर्नियातील 'ब्लू डेव्हिल्स' १९५७ साली, तर 'सांता क्लारा व्हॅनगार्ड' १९६७ साली निघाले. खर्च भागवण्यासाठी अशा पथकांनी बिंगो या आकड्यांच्या खेळाची सभागृहे चालवली. पैसाही भरपूर मिळाला. पण २०२० साली कोरोनाची साथ आली, सभागृहे बंद पडली आणि त्या वर्षीच्या स्पर्धाही रद्द झाल्या. पुढे २०२३ च्या हंगामात व्हॅनगार्डला पैशाअभावी स्पर्धेत उतरता आले नाही. बिंगो हा शेवटी जुगारच. तो आपल्याला वर्ज्य आहे. सिगालोवाद सुत्तात संपत्ती नासण्याच्या मार्गांत जुगार मोजलेला आहे. परंतु जुगार नसलेल्या धंद्यानेही एकाच खांबावर तंबू उभा करू नये.

आता केमचे पाहू. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचे हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीच्या पुडीला क्षार लागला की ती तांबडी होते, हे शास्त्र. धंदा मात्र दळणे, चाळणे, वजन करणे, पुड्या भरणे आणि माल वेळेवर पोचवणे यांचा आहे. हे कसब गावात आहेच. समितीला कुंकू विकणे पटत नसेल (आपल्यात याविषयी दोन मते आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही), तर त्याच कसबावर हळद, मिरची पूड आणि मसाल्याची पाकिटे निघतील. जोडीला मांडव, भांडी व सतरंज्या भाड्याने द्याव्यात. मांडवाला गिऱ्हाईक लग्नसराईत, मसाल्याला बारा महिने. म्हणजे एक थांबले तरी दुसरे चालते.

मिळालेल्या पैशाची वाटणी कशी करावी? त्याच सुत्तात सांगितले आहे, की एक भाग उपभोगावा, दोन भाग धंद्यात घालावेत आणि चौथा आपत्तीसाठी राखावा. समजा, वर्षाअखेर खर्च वजा जाता ४०,००० रुपये उरले. १०,००० पथकाला, २०,००० मालाला, १०,००० बँकेत. दहा हजारांत ट्रम्पेटचा ताफा येत नाही, हे उघड आहे. दुरुस्ती, नवी पाने आणि शिकवणाऱ्याचे थोडे मानधन निघेल. पावती पुस्तक पहिली दोन-तीन वर्षे तरी बंद करता येणार नाही. पण लेझीम पथकाला भांडवल थोडे लागते. तेथून सुरुवात केली तर घाई होत नाही. बँडची वाद्ये पुढे मेरठहून आणता येतील. तेथील 'नादिर अली' ही पेढी १८८५ पासूनची आहे.

दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी कटाक्षाने पाळाव्यात. संस्था नोंदणीकृत असेल तर धंद्याच्या वह्या वेगळ्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे. वर्गणीचा रुपया आणि मसाल्याचा रुपया एका गल्ल्यात पडला की भांडण ठरलेले. दुसरे असे की पुड्या भरायला मुलांना बसवू नये. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई झाली. काम मोठ्यांनी करावे, मजुरी घेऊन करावे. मुलांनी सायंकाळी शाळेच्या मैदानावर यावे, आणि जून असो वा डिसेंबर, तेथे शिकवणारा हजर असावा.