कवेलूंखालचा उजेड

गोंदियात कॅमेरा हाती आला की माणूस नागझिऱ्याला नाहीतर नवेगावबांधला पळतो. मीही कित्येक वर्षं पळालो. पण जिवाभावाचे फोटो मिळाले ते आमच्या सपरीपासून चुलीपर्यंतच्या वीस पावलांत.

१. उजेड कुठे चांगला, हे घरच्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. आई बिड्या वळायला नेहमी सपरीच्या उंबऱ्याशीच बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात कापलेली तेंदूपानं. मी कॅमेरा घेऊन समोर बसलो की म्हणायची, "बाबू, सरक जरा. उजेड अडवतोस." सरकून भिंतीला टेकलो तेव्हा दिसलं: उन्हात उजळलेल्या पानाच्या शिरा, नखाखालचा तपकिरी डाग, दोरा आवळताना ताठ होणारी करंगळी. आता कुणाच्याही घरी गेलो की आधी पाहतो, तांदूळ निवडायला तिथली बाई कुठे बसते.

२. कवडशांकडे लक्ष द्या. कवेलूंमधली बारीक फट कितीही वाकडी असो, जमिनीवर कवडसा गोलच पडतो. ते सूर्याचं चित्र असतं. भिंगाशिवाय, नुसत्या छिद्राने पाडलेलं. कॅमेऱ्याचं मूळ हेच. १५ जानेवारी २०१० ला ग्रहण लागलं आणि माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर साऱ्या कवडशांच्या कोरी झाल्या. आज तिथे स्लॅब आहे. तो एक फोटो काढून ठेवला, याचं फार समाधान वाटतं.

३. उन्हात वाळत घातलेला पांढरा तांदूळ फोटोत राखाडी येतो. कॅमेरा पांढऱ्याला फसतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा.

४. एक खिडकी धरा आणि वर्षभर सोडू नका. कॅमेऱ्याने टिपलेला, आजवर टिकलेला सर्वांत जुना फोटो फ्रान्सच्या निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतूनच काढला. माझ्या खिडकीत रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या पाण्याचा उजेड थेट छताला लागतो. कापणीनंतर तोच उजेड पिवळा, धुळीचा होतो.

५. फोटो छापून घरच्यांच्या हातात द्या. आईने आपला फोटो खूप वेळ पाहिला. चेहऱ्याकडे तिची नजर गेलीच नाही. सुपातल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे फाटकं होतं बघ. तरी वळलं मी."