दक्षिणेकडील शहर आणि हिमवृष्टि

नाताळच्या दिवसांत आपल्या हातीं जीं शुभेच्छापत्रें येतात, त्यांवर बहुधा पांढऱ्याशुभ्र हिमानें झांकलेलीं छपरें व झाडें रंगविलेलीं असतात. त्यामुळें अमेरिकेंतील हिवाळा म्हणजे हिम, अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु त्या देशाच्या दक्षिण भागांत अशीं मोठालीं शहरें आहेत कीं, तेथील मुलांनाहि हिम हें नवलच वाटतें. जॉर्जिया संस्थानची राजधानी अटलांटा हें त्यांपैकीं एक होय. तेथें २०१० सालीं नाताळच्या दिवशीं मोजतां येईल इतकें हिम पडलें. आणि असें १८८२ नंतर प्रथमच घडलें! अशा शहरीं हिमवृष्टीचा संभव कशावर अवलंबून असतो, व थोड्याशा हिमानें तेथें मोठा अनर्थ कसा ओढवतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अटलांटा व आपलें श्रीनगर हीं दोन्ही शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे सुमारें ३४ उत्तर अक्षांशावर, वसलेलीं आहेत. परंतु श्रीनगर पांच हजार फुटांहून उंच आहे, तर अटलांटाची उंची अवघी हजार फुटांच्या आसपास आहे. जानेवारींत तेथें दिवसाचें उष्णतामान सरासरीनें सुमारें ५४ अंश फॅरनहाइट व रात्रीचें सुमारें ३६ अंश असतें. पाणी ३२ अंशांवर गोठतें, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकलोंच आहों. मग तेथें हिम पडतें तरी कसें?

याचें उत्तर नकाशा पाहिल्यास सांपडतें. हिंदुस्थानच्या उत्तरेस हिमालय पूर्वपश्चिम पसरलेला असल्यामुळें मध्य आशियांतील थंड हवा त्यास ओलांडून आपल्याकडे सहसा येऊं शकत नाहीं. अमेरिकेंत असा आडवा तट नाहीं. तेथील पर्वतांच्या रांगा सामान्यतः उत्तरदक्षिण पसरल्या आहेत. त्यामुळें कॅनडांतील अतिशीत हवेस दक्षिणेकडे येण्यास वाट मोकळी सांपडते, आणि एरवीं सौम्य असणारें अटलांटा दोन दिवसांत गारठून जातें.

परंतु नुसत्या थंडीनें हिम पडत नाहीं. कॅनडांतून येणारी हवा थंड असते, तशी कोरडीहि असते. हिमास लागणारें बाष्प दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून यावें लागतें. पण आखाताची हवा उबदार असते, ती येतांना ऊब घेऊन येते! अशी ही अडचण आहे. थंडी आधीं आली तर बाष्प मागें हटतें. बाष्प आधीं आलें तर साधा पाऊस पडून जातो. कमी दाबाचें केंद्र आखाताच्या किनाऱ्यालगत पूर्वेकडे सरकत असेल, व त्याच वेळीं अटलांटावर थंड हवा ठाण मांडून बसलेली असेल, तरच दोहोंचा मेळ बसतो. तें केंद्र शहराच्या उत्तरेकडून गेलें कीं उबदार वारे वाहूं लागतात व हिमाची आशा मावळते.

यांत आणखी एक गुंतागुंत आहे. ॲपलाचियन पर्वताच्या पूर्व पायथ्यानें थंड हवा खालीं उतरून जमिनीलगत पाचरीसारखी शिरते. तिच्यावरून आखाताची उबदार हवा वाहूं लागली, म्हणजे वरून पडणारें हिम वाटेंत वितळतें. खालचा थंड थर जाड असल्यास थेंब पुन्हा गोठून त्यांच्या बारीक गोळ्या होतात. तो थर पातळ असल्यास थेंब पाण्याच्या रूपानेंच खालीं येतात, व रस्त्यांस, झाडांस आणि तारांस लागतांच गोठून त्यांचा काचेसारखा थर बनतो. दिसावयास मनोहर असा हा थर हिमाहूनहि घातक असतो. त्याच्या भारानें फांद्या मोडतात व विजेच्या तारा तुटतात. हवेचा एखादा थर एकदोन अंशांनीं अधिक उबदार असला कीं सारें चित्र पालटतें. म्हणूनच तेथील हवामानज्ञांचें काम अतिशय कठीण आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. अटलांटा येथें वर्षास सरासरी सुमारें दोन इंच हिम पडतें. पण यावरून दरवर्षीं दोन इंच पडतें असें कोणी समजूं नये. समजा, दहा वर्षांपैकीं सहा वर्षें हिम मुळींच पडलें नाहीं, तीन वर्षीं चार चार इंच पडलें व एका वर्षीं आठ इंच पडलें. तर एकंदर वीस इंच व सरासरी दोन इंच होईल, पण प्रत्यक्षांत दोन इंचांचें वर्ष एकहि नसेल! अटलांटाची गोष्ट कांहींशी अशीच आहे. कित्येक हिवाळे कोरडे जातात, तर २३ जानेवारी १९४० रोजीं एकाच दिवसांत आठ इंचांहून अधिक हिम पडलें. सरासरी व संभव या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

उत्तरेकडील बफलो शहरीं वर्षास नव्वद इंचांहून अधिक हिम पडतें, तरी तेथील व्यवहार चालूच राहतात. परंतु २८ जानेवारी २०१४ रोजीं अटलांटांत अडीच इंचांच्या आसपास हिम पडलें, आणि लाखों लोकांचें तें शहर जागच्या जागीं थिजलें. हवामानखात्यानें पहाटे इशारा दिला होता, तरी शाळा व कचेऱ्या नेहमीप्रमाणें भरल्या. दुपारीं हिम पडूं लागतांच सर्वांस एकदम सुट्टी मिळाली व सर्व मोटारी एकाच वेळीं रस्त्यांवर आल्या. चाकांखालीं दबून व वितळून हिमाचा पुन्हा निसरडा बर्फ झाला. मीठ टाकणाऱ्या गाड्याहि त्याच गर्दींत अडकल्या. हजारों मुलांनीं ती रात्र शाळेंत काढली, कांहीं तर शाळेच्या मोटारगाड्यांतच अडकलीं. आणि एका मातेस भर रस्त्यावर मोटारींतच अपत्य झालें.

पुढें १० जानेवारी २०२५ रोजीं तेथें पुन्हा सुमारें दोन इंच हिम पडलें. या वेळीं रस्त्यांवर आधींच मिठाचें पाणी शिंपडलें होतें, व मुलांस घरींच राहण्यास सांगण्यांत आलें होतें. हिम तितकेंच, परंतु पूर्वीसारखा अनर्थ झाला नाहीं. मुलें तर अंगणांत खेळलीं!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संकटाचें मोजमाप केवळ इंचांनीं होत नाहीं. लोक सावध आहेत कीं नाहींत, यावरहि तें ठरतें. जें वारंवार येतें त्याची तयारी संवयीनें होते. जें क्वचित् येतें त्याची तयारी विचारानेंच करावी लागते. संभव थोडा आहे म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणें, हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.