सगळं लिहिलंय, तरी निम्मेच मार्क

पंधरा मार्कांच्या प्रश्नाला सात पडले की पोरं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतात आणि ती घेऊन माझ्याकडे येतात. "सगळं तर लिहिलंय की ओ सर!" आणि खरंच सगळं लिहिलेलं असतं. तारखा बरोबर, नावं बरोबर, शीर्षकांखाली रेघा, वर एक पुरवणी जोडलेली. पण प्रश्न असतो 'टीकात्मक परीक्षण करा' आणि उत्तर असतं 'माहिती लिहा'चं. कॅपला, म्हणजे केंद्रीय पेपर तपासणीला, बसून इतिहासाचे गठ्ठे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. आधी पेपर शिवाजी विद्यापीठाचे असत, 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. पेपरावरचं नाव बदललं, हा घोटाळा मात्र तसाच राहिला. या प्रश्नात ढ पोरापेक्षा पाठांतरवालं हुशार पोर जास्त मार खातं.

आपल्याच गावचा प्रश्न घेऊ. '1930 च्या सोलापूरच्या लढ्याचे टीकात्मक परीक्षण करा.' घटनाक्रम इथल्या शाळकरी पोरालाही येतो. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली, सोलापुरात हरताळ पडला. लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. 8 मेला गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारत पेटली. पोलीस शहरातून मागे घेतले गेले. 12 मेला मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली.

बहुतेकांचं उत्तर इथंच संपतं. शेवटी 'अशा प्रकारे सोलापूरने देशासाठी बलिदान दिले' हे एक वाक्य येतं. तपासणाऱ्याला यात खोडण्यासारखं काही सापडत नाही, पण मार्क द्यावेत असंही फारसं काही नसतं.

मी पोरांना एक सवय लावून घ्यायला सांगतो. प्रत्येक माहितीनंतर मनात विचारायचं, मग काय? शिंदीची झाडं तोडली. मग काय? शिंदीवरच्या कराचा पैसा सरकारला मिळत होता. म्हणजे दांडीला मिठातून जो घाव घातला, तोच इथे शिंदीतून घातला जात होता. हे वाक्य उत्तरात आलं की ती झाडं नुसती माहिती राहत नाहीत, तुमच्या युक्तिवादाचा पुरावा होतात. तसंच गिरण्यांचं. सोलापुरात 1877 पासून कापड गिरणी होती, हे वाक्य प्रस्तावनेत टाकून पोरं पुढे सरकतात. पण तो आकडा खरा कामाचा आहे तो गर्दी कुणाची होती हे सांगताना. गिरणी कामगारांची एवढी मोठी वस्ती असलेल्या शहरात नेते पकडले गेल्यावर जमावाला आवरणारं कोण उरतं? अहिंसक आंदोलन पोलीस चौकी जाळण्यापर्यंत कसं गेलं, याचं एक उत्तर तिथे सापडतं.

त्यापुढची पायरी अवघड. आपल्याला आवडणारं विधानही तपासावं लागतं. 'सोलापूर तेव्हा काही दिवस स्वतंत्र होतं' हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. परीक्षेत ते जसंच्या तसं उतरवू नका, उलटतपासणी घ्या. ब्रिटिशांची सत्ता त्या दिवसांत शहरात चालत नव्हती, हे खरं. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावरची वाहतूकही सांभाळत होते. पण सत्ता निघून जाणं वेगळं आणि सत्ता चालवणं वेगळं. शेजारच्या साताऱ्यात 1943 ते 46 या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले, तुफान सेना उभी केली. त्या मापाने मे 1930 मधलं सोलापूर कुठे बसतं? माझ्या मते, ते 'प्रशासन कोसळलेलं शहर' ठरतं, 'स्वतंत्र राज्य' नव्हे. तुमचं मत याउलट असू शकतं. कारण द्या, मार्क मिळतील.

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे 'देशात फक्त सोलापुरातच मार्शल लॉ लागला'. जालियनवाला बाग झालं त्या 1919 साली पंजाबात मार्शल लॉ होता, 1921 ला मलबारातही होता. हे वाक्य वाचलं की तपासणारा पुढच्या पानांकडेही संशयाने बघतो. त्याऐवजी तुलना करा. 18 एप्रिल 1930 ला चितगावचं शस्त्रागार, 23 एप्रिलला पेशावरचा किस्साखानी बाजार, मे महिन्यात सोलापूर. तीन आठवड्यांत तीन ठिकाणी सरकारची पकड सुटली. चितगावला हत्यारबंद क्रांतिकारक होते, पेशावरला खुदाई खिदमतगार, आणि इथे गिरणगाव. एवढं लिहिलं की स्थानिक घटना देशाच्या चित्रात बसते, तीही अतिशयोक्ती न करता.

उलट टोकाचीही एक जात आहे. परीक्षण म्हटलं की दोषच काढायचे, अशी या पोरांची समजूत. मग गांधीजी चुकले, काँग्रेस चुकली, जमाव चुकला. तिसरी जात त्याहून कंटाळवाणी, 'काही अभ्यासकांच्या मते असे, तर काहींच्या मते तसे' लिहून हात झटकणारी. कोणते अभ्यासक, ते नाही. तुमचं मत काय, तेही नाही.

एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक केली. तेव्हापासून अभ्यासिकांमधली पोरंही हेच विचारायला येतात. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं. त्यातलं पहिलं मिनिट पेन खाली ठेवून घालवा. आपला निष्कर्ष एका वाक्यात ठरवा आणि उत्तर त्याच वाक्याने सुरू करा. प्रस्तावनेत दांडीयात्रेची गोष्ट सांगत बसलात तर अडीचशे शब्दांतले ऐंशी तिथेच जातात. तुमच्या निष्कर्षाला अडचणीचा असलेला एक मुद्दा मुद्दाम घ्या आणि तरी निष्कर्ष का टिकतो ते सांगा. बहुतेक मार्क त्या परिच्छेदात असतात आणि तोच परिच्छेद सगळे गाळतात.

हे इतिहासापुरतंच नाही. भूगोल, अर्थशास्त्रवाले उजनीवर लिहितात. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून ऊस दोषी. इथे थांबू नका. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला किमान भाव, आहे; तशी हमी ज्वारीला, तुरीला प्रत्यक्षात किती मिळते? शिवाय त्या 117 पैकी 63च्या आसपास टीएमसी मृतसाठा आहे. 'धरण निम्मं भरलं' या बातमीचा अर्थ यामुळे कसा बदलतो?

एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, चार हुतात्म्यांच्या गावात चौकी जाळण्याबद्दल असं लिहिलं तर मार्क नाही जायचे?" माझ्या अनुभवात कुणाचे गेलेले नाहीत. मी तिला म्हटलं, फाशीकडेही याच नजरेने बघ. जूनअखेर शहर शांत होतं, मार्शल लॉची गरजच उरली नव्हती. मग जानेवारीत चौघांना फासावर देऊन सरकारला कुणाला काय सांगायचं होतं? पुढच्या चाचणीत तिने अख्खं दीड पान त्याच प्रश्नावर खर्च केलं. वेळ संपल्याने शेवटचे दोन प्रश्न राहिले, आणि त्यावरून तिला माझी बोलणीही खावी लागली.