गुरुवारची टर्की, शुक्रवारचं बोलणं

अमेरिकेत आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी टर्की येते ती मुलांच्या हट्टापायी. सोमवारी वर्गात सांगायला त्यांनाही काहीतरी हवं असतं. पण पाच-सहा किलोचा पक्षी चौघांत संपत नाही, आणि शुक्रवारी फ्रीज उघडला की मुलं विचारतात, ‘परत तेच?’

मला तर तो शुक्रवारच जास्त प्रिय आहे. गुरुवारी पाहुण्यांच्या गडबडीत मुलांना आपण दहादा स्वयंपाकघरातून बाहेर काढतो. शुक्रवारी शाळा नसते, घाई नसते. त्या दिवशी त्यांना हाताशी घ्या आणि उरलेल्या टर्कीची टेट्राझिनी करा, म्हणजे सॉसमध्ये मिसळून ओव्हनमध्ये भाजलेली स्पॅगेटी. लुइझा टेट्राझिनी या इटालियन गायिकेचं नाव या पदार्थाला मिळालं. 1910च्या नाताळच्या आदल्या रात्री ती सॅन फ्रान्सिस्कोच्या भर रस्त्यात, हजारो लोकांपुढे गायली होती. ही गोष्ट मुलांना फार आवडते.

एक मात्र गुरुवारीच सांभाळा. जेवणं लांबली तरी दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. हाडं टाकू नका, त्यांचं सूप काढा.

पाव किलो स्पॅगेटी दोन मिनिटं कमीच उकडा, कारण ओव्हनमध्ये ती सॉस पिते. मश्रूम लोण्यात परतून बाजूला काढा. मग चार चमचे लोण्यात चार चमचे मैदा मंद आचेवर परता, दोन कप सूप आणि एक कप दूध थोडं थोडं ओता. आता ढवळायचं काम मुलाकडे द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा.

माझ्या अकरा वर्षांच्या लेकाने गुठळ्या मोडता मोडता सांगितलं, की दोन महिने तो मधल्या सुट्टीत वाचनालयात बसतोय. शेजारी बसणारा मित्र गाव सोडून गेला होता. रोज संध्याकाळी ‘शाळा कशी झाली?’ विचारणाऱ्या मला याचा पत्ता नव्हता. माझ्या ओठांवर पाच प्रश्न आले. पण त्याची नजर पातेल्यात होती, आवाज स्थिर होता. मी एवढंच म्हणाले, ‘अजून थोडं दूध घाल.’ त्याने घातलं, आणि पुढचंही सांगितलं. सॉस जरा जास्तच आटला त्या दिवशी.

सॉसमध्ये मीठ, मिरपूड, किंचित जायफळ घाला. तीन कप टर्की, मश्रूम, मूठभर मटार आणि स्पॅगेटी त्यात मिसळा. वर किसलेलं पार्मेझान आणि पावाचा चुरा पसरा. 375 अंश फॅरनहाइटवर अर्धा तास भाजा. मध्यभागी 165 अंश भरले पाहिजेत. उरलेल्या कोंबडीचंही असंच होतं. व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणाली, ‘अगं, शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसंच की हे!’ तसंच आहे.

कडेची खरपूस खपली मुलाला खरवडू द्या. आणि थोडं मिश्रण न भाजता छोट्या भांड्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं, मूल दप्तर टाकून गप्प बसतं. त्या संध्याकाळी ते बाहेर काढा, आणि वरचं चीज त्यालाच किसायला द्या.