परसबागेतील गाजर : आधी लक्षण ओळखा, मग उपाय करा

घरच्या वाफ्यातील गाजर बहुधा कच्चेच खाल्ले जाते आणि त्याचा खाण्याजोगा भाग मातीत असतो. त्यामुळे किडीचे नुकसान उशिरा लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर मातीत रासायनिक कीटकनाशक ओतणे हिताचे ठरत नाही. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत गाजरमाशीपासून संरक्षणासाठी जाळी लावण्याचा सल्ला आढळतो. युरोपातील थंड हवामानात तो रास्त आहे. भारताच्या मैदानी भागात मात्र पावसाळ्याच्या अखेरीपासून पेरल्या जाणाऱ्या गाजराचे शत्रू बहुधा निराळे असतात. त्यांची ओळख नुकसानीच्या स्वरूपावरून पटते.

रोप जमिनीलगत कापलेले : हे काम रोपे कुरतडणाऱ्या अळीचे, म्हणजे ॲग्रोटिस इप्सिलॉनचे. ती रात्री खाते व दिवसा मातीत लपते. सकाळी कापलेल्या रोपाभोवतीची दोन-तीन सेंटिमीटर माती उकरल्यास वेटोळे करून पडलेली राखाडी-काळसर अळी सापडते. ती वेचून नष्ट करावी. सायंकाळी वाफ्यात ओल्या गवताचे लहान ढीग ठेवून सकाळी त्यांखालील अळ्या गोळा कराव्यात. पतंग तणांवरही अंडी घालतो, म्हणून पेरणीपूर्वी वाफा तणमुक्त असावा.

मुळांवर कुरतडल्याचे खड्डे, झाड कोमेजलेले : हे हुमणीचे लक्षण होय. महाराष्ट्रात आढळणाऱ्या होलोट्रिकिया सेराटाचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर सायंकाळी कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. तेव्हाच ते गोळा करणे सर्वांत परिणामकारक ठरते. हिमालयाच्या डोंगराळ भागात गाजराची पेरणी मार्च ते जुलैमध्ये होते. तेथे पावसाळ्यात पीक उभे असल्याने हुमणीकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वत्र चांगले कुजलेले शेणखतच वापरावे. ताज्या शेणाकडे भुंगेरे आकर्षित होतात, शिवाय त्यामुळे गाजराला फाटेही फुटतात.

मुळाला फाटे, तंतुमुळांवर गाठी : केवळ फाटे दिसल्यास दगडगोटे, घट्ट जमीन किंवा कच्चे खत हे कारण असू शकते. त्यासोबत तंतुमुळांवर बारीक गाठी असल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव समजावा. सूत्रकृमी हे कीटक नव्हेत; त्यांच्यावर पानांवरील फवारणीचा उपयोग होत नाही. अशा वाफ्यात आधीच्या हंगामात झेंडू घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत ओलावलेल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवल्यास सूत्रकृमींबरोबर वरच्या थरातील किडींचे कोषही कमी होतात.

पाने आकसलेली व चिकट : पानांच्या मागे मावा आहे का, हे पाहावे. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा होतो. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीगराची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, अर्क गाळून थोडा साबण मिसळावा व सायंकाळी फवारावा, कारण उन्हात त्याची शक्ती लवकर घटते.

मावा दिसला की लगेच फवारणी मात्र करू नये. काळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चपळ अळी ही ढालकिड्याची असून ती मावा फस्त करते. कीड समजून तिलाच मारले जाते. वाफ्याच्या कडेला मोहरीची चार-पाच रोपे राखावीत. मोहरीवरचा मावा गाजरावर जगत नाही. परंतु त्यावर पोसलेले ढालकिडे गाजरावरचा मावाही खातात.

उगवणीनंतर पहिला महिना रोज सकाळी वाफ्याची पाहणी करावी. विरळणीत उपटलेल्या रोपांची मुळेही तपासावीत. मातीखाली काय चालले आहे, हे काढणीपूर्वी पाहण्याची ती सोपी संधी असते.