दुकानाच्या संगणकासाठी मोफत कार्यप्रणाली : लिनक्स घ्यावी की बीएसडी?



मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक या अटीत बसत नाही. म्हणजे चालते यंत्र भंगारात काढायचे, नाहीतर बिनदुरुस्तीच्या प्रणालीवर उधारीची सारी खतावणी ठेवायची.

यावर काही जण चोरीच्या प्रतीचा उपाय सुचवतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय कुलूप तोडलेल्या प्रतीबरोबर व्हायरस येण्याची जोखीम असते. सगळा हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरसही त्यातलेच. तेव्हा हा सौदा स्वस्त नाही.

सरळ मार्ग म्हणजे युनिक्सच्या धर्तीवर बनलेल्या मोफत कार्यप्रणाली. त्या अनेक आहेत, आणि नेमकी कोणती घ्यावी येथेच माणूस अडतो. हा पाठ त्यासाठी आहे.

घराणे एक, शाखा दोन

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्ज येथे केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने तिच्यात भर घालून बीएसडी ही शाखा वाढवली. १९९३ साली तिच्यातून फ्रीबीएसडी व नेटबीएसडी निघाल्या, आणि १९९५ मध्ये नेटबीएसडीतून ओपनबीएसडी फुटून निघाली.

दुसरी शाखा लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा उपक्रम जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून पुरी प्रणाली झाली. १९९२ ते १९९४ या काळात बीएसडीवर कोर्टात दावा चालू होता. त्या दोन वर्षांत बरेच लोक लिनक्सकडे वळले. आज प्रिंटर, वायफाय यांची सोय लिनक्सवर अधिक मिळते, त्याचे मूळ काही अंशी या दाव्यात आहे.

आपल्या धंद्याच्या भाषेत

लिनक्स म्हणजे नुसता गाभा, जणू ग्रे कापड. मालेगाव-धुळ्याच्या यंत्रमागावरून ते उतरते. मग प्रोसेसवाले ते धुतात, रंगवतात, फिनिशिंग करतात आणि आपला शिक्का मारून विकतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशा शिक्क्यांची नावे. गाभा एकच, फिनिशिंग वेगळे. संगणकवाले यांना डिस्ट्रो म्हणतात.

बीएसडी म्हणजे एकाच फाटकाच्या आतली गिरणी. आता बंद पडलेली जळगावची खानदेश मिल आठवा. सूतही तेथेच, कापडही तेथेच. फ्रीबीएसडीचा गाभा आणि त्याभोवतीची मूळ साधने एकच मंडळ तयार करते. म्हणून तिची वीण घट्ट असते व माहितीपुस्तिकाही चांगली असते. पण दुकानात हवी ती तयार शिलाई, म्हणजे खिडक्या, चित्रे, प्रिंटर, हे सारे मागाहून आपल्याला जोडावे लागते.

कोणती कशासाठी?

१) मिंट : २००६ पासून चालू. पडद्याची मांडणी विंडोजसारखी असल्याने मुनीमजींना दोन दिवसांत सवय होते. तिची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते.

२) डेबियन : १९९३ पासूनची, कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. बदल सावकाश, भरवसा मोठा. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट संगणकांवर ती नव्याने बसवता येत नाही.

३) बॉस : आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ साली काढली. डेबियनवर आधारित. मराठी व उर्दूसह अनेक भारतीय भाषांची सोय तिच्यात आहे.

४) फेडोरा : नवनवीन गोष्टी प्रथम येथे येतात. पण एका आवृत्तीची दुरुस्ती साधारण तेरा महिनेच मिळते. दुकानाला दरवर्षी अशी उलाढाल परवडत नाही.

५) फ्रीबीएसडी : सर्व्हरसाठी उत्तम. नेटफ्लिक्स कंपनी आपले चित्रपट फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवरून पाठवते. तिच्यातील झेडएफएस पद्धतीत काल संध्याकाळच्या स्थितीचा ठसा घेऊन ठेवता येतो व गरज पडल्यास ती स्थिती परत आणता येते. तीन-चार काउंटरांचा हिशेब एका जागी साठवणाऱ्या पेढीला हिचा विचार करता येईल. ओपनबीएसडीचा भर सुरक्षेवर, तर नेटबीएसडीचा नाना तऱ्हेच्या यंत्रांवर चालण्यावर आहे.

निवडण्यापूर्वी चार गोष्टी तपासा

हिशेब : टॅली विंडोजसाठीच बनते. दुसऱ्या प्रणालीवर ओढूनताणून चालवली तर तक्रार ऐकणारा कोणी नसतो. ज्यांची खतावणी टॅलीत आहे त्यांनी एक यंत्र विंडोजचे, परवान्यासह, ठेवावे आणि बाकी काउंटर लिनक्सवर न्यावेत. साध्या याद्या व दरपत्रकांना लिबरऑफिस पुरते. एक्सेलच्या फायली त्यात उघडतात, पण मॅक्रो अडखळतात.

जीएसटी : विवरणपत्र व ई-वे बिल ब्राउझरमधून होते, त्याला लिनक्सवर अडचण नाही. एकमालकी पेढीला मोबाइलवरच्या ओटीपीने सही करता येते. कंपनी व एलएलपीला मात्र डिजिटल सहीचे टोकन लागते. टोकन विकणाऱ्याला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा.

प्रिंटर : एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात. एप्सन पद्धतीचे डॉट मॅट्रिक्सही चालतात. काही स्वस्त लेझर प्रिंटर फार छळतात. बीएसडीवर ही यादी आणखी आखूड होते.

लिपी : युनिकोडमधील मराठी सर्वत्र सारखीच उमटते. उर्दूसाठी नस्तालीक वळणाचा नोटो नस्तालीक हा टाइप मोफत आहे. पण श्री-लिपी किंवा इनपेजमधील जुन्या फायली विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बिघडल्यावर कोण येणार?

प्रणाली मोफत आहे, कारागिराचा वेळ मोफत नाही. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांचा उबुंटूवर हात बसलेला असतो. उबुंटू, मिंट, डेबियन, बॉस ही एकाच कुळातील असल्याने तो हात चारही ठिकाणी चालतो. फ्रीबीएसडी जाणणारा आपल्या जिल्ह्यात शोधावाच लागेल. स्वतः शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिबरऑफिसचे पाठ मराठी आवाजात मोफत आहेत.

आधी पारख, मग खरेदी

तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. येथेही तसेच करावे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या मूळ संकेतस्थळावरून फाइल उतरवून तिचा पडताळा-आकडा जुळवा. हे काम टाळू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी मिंटच्या संकेतस्थळात शिरून बिघडवलेली प्रत ठेवली होती. पेनड्राइव्हवरून संगणक चालू केल्यास आतील विंडोज व हिशेब जसेच्या तसे राहतात. मात्र ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवू नका. प्रिंटर, वायफाय, जीएसटीचे पान, मराठी टाइप, सर्व पाहून घ्या. पसंत पडले तर प्रथम सर्व फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्या उघडतात याची खात्री करा. त्यानंतर आधी एकच काउंटर बदला. महिनाभर बरे चालले तर पुढचा. मार्च अखेर आणि सणासुदीच्या दिवसांत हा उद्योग करू नये.

तात्पर्य : विक्रीच्या काउंटरला मिंट, टॅलीला परवान्याचे एक विंडोज, आणि जाणता माणूस हाताशी असेल तरच साठवणीला फ्रीबीएसडी. उत्तम प्रणाली कोणती, यावर संगणकवाले वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. आपण आपल्या पेढीचे काम कशात अडत नाही आणि अडले तर सोडवणारा गावात आहे का, एवढेच पाहावे.