तुसाचा उजेड

भात भरडून तांदूळ निराळा केला म्हणजे मागे तूस उरते. शंभर किलो भातामागे ते सुमारे वीस किलो निघते. वाळूत असणारी सिलिका त्यात पुष्कळ असल्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि गुरांच्याही फारसे उपयोगी पडत नाही. कोकणात पूर्वी ते जाळून दात घासण्यासाठी राखुंडी करीत. पण एवढ्याने ढीग कितीसा कमी होणार! भातगिरण्यांच्या मागे तुसाच्या टेकड्या साचत.

बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यातही अशाच टेकड्या होत्या. महात्मा गांधींच्या १९१७ च्या सत्याग्रहामुळे चंपारणचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु तेथील तमकुहा या खेड्यात त्यानंतर नव्वद वर्षांनीही वीज पोहोचली नव्हती. दिवस मावळला की घरोघरी रॉकेलच्या चिमण्या लागत. त्यांचा उजेड थोडा आणि काजळी फार. त्या धुरातच मुले पुस्तकावर वाकून बसत. गावाच्या नावाचा अर्थ ‘अंधाराचे धुके’ असा सांगतात. तो त्या काळी अक्षरशः खरा होता.

बिहारमध्येच वाढलेले ज्ञानेश पांडे हे विद्युत अभियंते अमेरिकेत नोकरीस होते. ती सोडून ते स्वदेशी परतले. मित्र रत्नेश यादव आणि इतर सहकारी यांच्यासह खेड्यांसाठी विजेचा मार्ग शोधताना त्यांची दृष्टी अखेर या तुसावर स्थिरावली. १५ ऑगस्ट २००७ रोजी तमकुह्यात तुसावर चालणारे छोटे वीजकेंद्र सुरू झाले.

तूस उघड्यावर पेटविले तर धूर होतो आणि उष्णता वाया जाते. येथे मात्र ते एका उभ्या, बंद भट्टीत वरून टाकीत आणि हवा अगदी हात राखून आत सोडीत. हवा अपुरी पडली म्हणजे तूस पुरते जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन असे ज्वालाग्राही वायू निघतात. अशा भट्टीस गॅसिफायर म्हणतात. हा वायू पाण्याने धुऊन, गाळून इंजिनात सोडला की इंजिन चालते आणि त्यास जोडलेले जनित्र फिरते. ताशी सुमारे पन्नास किलो तुसावर तीसएक किलोवॉट वीज मिळे. शहरातील एखाद्या मोठ्या इमारतीस ती पुरणार नाही. पण तेवढीच काहीशे घरांतील दिव्यांना पुरत असे.

तूस जळताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. तथापि, भाताच्या रोपाने वाढताना तो हवेतूनच घेतलेला असतो. रॉकेल आणि डिझेल यांतील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे भूगर्भात गाडलेला. तो जाळला की हवेत नवी भर पडते. अर्थात शेतीच्या पंपास लागलेले डिझेलही प्रामाणिक माणसाने या हिशेबात धरले पाहिजे.

या वीजनिर्मितीत धोकेही आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोंडलेल्या खोलीत तो माणसाचा प्राण घेतो. म्हणून भट्टीची शेड चहूबाजूंनी मोकळी लागते. वायू धुतलेल्या पाण्यात डांबरासारखा चिकट, विषारी मळ उतरतो. ते पाणी तसेच ओढ्यात सोडले तर दिव्यासाठी विहीर नासवल्यासारखे होईल. शिवाय, टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक मिळाले की तिला भाव येतो. ज्या गरीब घरी तूसच चुलीचे जळण, त्या घराला हा भाव परवडत नाही.

पुढे सौर पट्ट्या स्वस्त झाल्या, तेव्हा याच मंडळींनी दिवसा सूर्य आणि रात्री तूस अशी जोड घातली. भट्टीच्या तळाशी उरणारी काळी भुकटीही त्यांनी फेकली नाही. गावातील स्त्रियांना त्यांनी तिच्या उदबत्त्या वळावयास शिकविले आणि त्या कामाची मजुरी त्यांच्या हाती पडू लागली.